आवईचा वेग: ताशी चार किलोमीटर

फ्रेंच राज्यक्रांतीत पॅरिसचा बॅस्टिल हा किल्ला-तुरुंग पडून आठवडाही उलटला नव्हता. 20 जुलै 1789 च्या सुमारास फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत आवई उठली, की लुटारू येताहेत, उभं पीक कापून नेणार आणि त्यांना फूस आहे सरदारांची! चर्चच्या घंटा घणघणल्या, विळे-कुऱ्हाडी निघाल्या. शाम्पान्य भागात 3000 माणसं लुटारूंमागे धावली. गाठलं तेव्हा कळलं, तो गुरांचा कळप होता. लुटारूंची टोळी कुठेच नव्हती.

6 ऑगस्टपर्यंत चाललेल्या या घबराटीला इतिहासात ‘महाभय’ म्हणतात. कुणी तिला क्रांतिकारकांचा कट ठरवलं, कुणी सरदारांचा. इतिहासकार ज्यॉर्ज लफेव्र यांनी मात्र कागद उपसले. हे लीलचे, अनेक वर्षं शाळेत शिकवलेले. शेतकऱ्यांवरचा प्रबंध पुरा झाला तेव्हा पन्नाशीला टेकलेले. कोणत्या गावात बातमी कधी पोचली, कुणी आणली, एवढंच ते चिकाटीने नोंदवत गेले आणि 1932 च्या पुस्तकात त्यांनी या भयाच्या वाटाच नकाशावर आखल्या. दक्षिण फ्रान्समधल्या लिव्हराँ ते आर्ल या गावांमधलं 150 किलोमीटरचं अंतर आवईने 40 तासांत कापलं, म्हणजे ताशी जेमतेम चार किलोमीटर. माणसाची चाल! कट असता तर ती एकदम सगळीकडे फुटली असती. ही मोजक्या ठिकाणी उगवली आणि तोंडोतोंडी पुढे सरकली. ब्रिटनीसारखा प्रदेश तर जवळपास कोरडाच राहिला.

जमीन मात्र आधीच तापलेली होती. 1788 चं पीक बुडालेलं, पाव महाग, रस्तोरस्ती भिकाऱ्यांचे तांडे. अनोळखी चेहरा दिसला की पोटात गोळा यायचा.

2025 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात काही संशोधकांनी लफेव्र यांच्याच नोंदींना साथरोगाचं गणित लावलं. आवई रस्त्यांच्या जाळ्यातून साथीसारखी पसरली होती. गहू महाग तिथे तिची लागण जास्त, हे अपेक्षितच. पण साक्षरता जास्त तिथेही जास्त! भित्रे, अडाणी खेडूत हे जुनं चित्र मला तरी आता पटत नाही.

आग्नेय फ्रान्समधल्या दोफिने प्रांतात तर शेतकरी लुटारूंशी लढायला जमले, लुटारू आलेच नाहीत, आणि जमाव तसाच सरदारांच्या गढ्यांकडे वळला. तिथे त्यांनी जाळली ती मुख्यतः दप्तरं, कोण किती देणं लागतो याची. 4 ऑगस्टच्या रात्री व्हर्सायला भरलेल्या राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्क रद्द करायला घेतले.