वॉलेट जुनं का होतं: क्रिप्टो हलवण्यामागची पार्श्वभूमी

बिटकॉइनचा मूळ प्रोग्राम म्हणजे बिटकॉइन कोर. त्याची ३० वी आवृत्ती २०२५ च्या ऑक्टोबरात आली आणि तिने जुन्या पद्धतीच्या वॉलेट फाइल थेट उघडणं बंद केलं. आधी फाइल नव्या पद्धतीत बदलून घ्यायची, मग पुढचं काम. २०२२ मधल्या २३ व्या आवृत्तीपासून नवी वॉलेटं सहसा नव्या पद्धतीची बनत होती, त्यामुळे जाणकारांना यात नवल वाटलं नाही. अडचण होणार ती ज्यांनी दहा-बारा वर्षांपूर्वी थोडंसं बिटकॉइन घेतलं, लॅपटॉप माळ्यावर टाकला आणि विषय सोडून दिला त्यांची. असे लोक सांगलीत आहेत. कोणी विश्रामबागेत इंजिनिअरिंग करताना हॉस्टेलच्या खोलीत हौसेने वॉलेट उघडलेलं आहे. कोणी विटा-खानापूरकडच्या गलाईवाल्या, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्या, घरातलं आहे, दुकानाच्या निमित्ताने परराज्यात असताना तिथल्या मित्राच्या नादाने घेतलेलं. आता भाव ऐकून लॅपटॉप खाली काढला जातो आणि पहिला प्रश्न येतो, "हे नव्या ॲपमध्ये कसं घ्यायचं?"

प्रश्न असा विचारला की उत्तर चुकतं. वॉलेट बदलणं म्हणजे ॲप बदलणं, असा सरसकट समज आहे, आणि त्या समजापायी लोकांचे पैसे गेलेले आहेत. खरा प्रश्न असतो किल्लीचा: ती कधी, कशी तयार झाली, आणि मधल्या काळात कोणाकोणाच्या नजरेखालून गेली.

सांगलीकराला हे समजायला जड नाही. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद पुरलेली असायची आणि सौदा पेठेत व्हायचा. हळद जागची हलत नसे, मालक बदलायचा. बिटकॉइनही वॉलेटात कधीच नसतं. ते ब्लॉकचेनच्या नोंदीत असतं आणि त्या नोंदीच्या प्रती जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर असतात. वॉलेटात असते ती प्रायव्हेट की, तीच ही किल्ली, म्हणजे २५६ बिटांचा एक प्रचंड आकडा. तो ज्याच्याकडे, नोंद बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे.

३ जानेवारी २००९ ला बिटकॉइनचा पहिला ब्लॉक तयार झाला तेव्हा वॉलेट म्हणजे कॉम्प्युटरवरची एक फाइल होती. नाव वॉलेट डॉट डॅट. पुढे तिच्यात शंभर किल्ल्या आधीच तयार करून ठेवलेल्या असत आणि लागेल तशी एकेक वापरली जाई. तिच्या दोन खोडी होत्या. पहिली, फाइलला कुलूपच नव्हतं. पासवर्ड घालून फाइल बंद करायची सोय २०११ च्या सप्टेंबरात, ०.४ या आवृत्तीत आली. तोवर ज्याने फाइलची कॉपी मारली त्याच्या हाती सगळं. दुसरी खोड जास्त घातक होती, कारण ती दिसत नव्हती. दहा बिटकॉइनमधून दोन पाठवले की उरलेले आठ मूळ पत्त्यावर राहत नाहीत (पत्ता म्हणजे खातेक्रमांकासारखी खूण). सुट्टे परत यावेत तसे ते एका नव्या पत्त्यावर येतात आणि त्या पत्त्याची किल्ली नवी असते. म्हणजे जानेवारीत पेन ड्राइव्हवर घेतलेला बॅकअप शंभर किल्ल्या संपेपर्यंतच खरा. त्यानंतरचे पैसे ज्या किल्ल्यांवर आहेत त्या बॅकअपमध्ये नसतातच. माणूस बिनघोर असतो, कारण पेन ड्राइव्ह कपाटात असतो.

या खोडीवर उत्तर शोधताना आजची वॉलेटं घडली. थॉमस व्होग्टलिन यांचं इलेक्ट्रम हे वॉलेट २०११ च्या नोव्हेंबरात आलं आणि त्याने सगळ्या किल्ल्या बारा शब्दांतून काढायची पद्धत रूढ केली. शब्द जपले की झालं, फाइल गेली तरी चालेल. पीटर वुइले यांनी २०१२ मध्ये एकाच बीजातून किल्ल्यांचं अख्खं झाड काढण्याचा नियम मांडला. तो बिप-३२ (बिप म्हणजे बिटकॉइनच्या सुधारणेचा क्रमांक दिलेला प्रस्ताव). २०१३ मध्ये बिप-३९ आला आणि त्याने असे शब्द निवडायला २,०४८ इंग्रजी शब्दांची ठरीव यादी दिली. २०१४ मध्ये ट्रेझर हे हार्डवेअर वॉलेट बाजारात आलं, त्यात किल्ली त्या छोट्या उपकरणाबाहेर येतच नाही. बिटकॉइन कोरने स्वतः ही झाडाची पद्धत २०१६ मध्ये, ०.१३ व्या आवृत्तीत नेहमीची केली. म्हणून तुमचं वॉलेट किती सालचं, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा लागतो.

बिप-३९ च्या यादीत एक बारकावा आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. कोणत्याही शब्दाची पहिली चार अक्षरं दुसऱ्या कोणत्याही शब्दाशी जुळत नाहीत. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी तिथे ४५ फुटांची आहे. गावभागात घरंच्या घरं पाण्याखाली होती. पूर ओसरल्यावर एक आई मुलाची दोनशे पानी वही घेऊन माझ्याकडे आली, तिच्यात त्याचे बारा शब्द लिहिलेले. पोरगा पुण्याला नोकरीला होता. "पोराच्या वहीतलं काय वाचता येतंय का बघा की. लॅपटॉप तर गेलाच, पण हे पान तेवढं जपा म्हणतोय फोनवर." पानं एकमेकांना चिकटली होती. पंख्याखाली, मधे टिपकागद घालून, सावकाश सोडवली. जेल पेनची निळी शाई ओळीच्या उजव्या अंगाला पसरली होती, पण प्रत्येक शब्दाचा डावा भाग शाबूत होता. दहा शब्दांची पहिली चार अक्षरं सरळ वाचता आली, एकाची तीन. यादीत त्या तीन अक्षरांना जुळणारे शब्द मोजकेच निघाले. बारावा शब्द मात्र पूर्ण धुऊन गेलेला.

इथे त्या योजनेचा दुसरा गुण कामाला आला. बारा शब्दांत १३२ बिट बसतात. त्यातले १२८ बीजाचे आणि शेवटचे ४ पडताळणीचे. एक शब्द अजिबात माहीत नसला तर २,०४८ शक्यता उरतात, पण पडताळणीत सोळातली एकच टिकते, म्हणजे १२८ च्या आसपास. इंटरनेट तोडलेल्या कॉम्प्युटरवर हे काम काही मिनिटांचं आहे. मुलगा सुट्टी काढून आला आणि त्याने स्वतःच्या हाताने ते केलं. आईने त्या दिवशी हळदीचं दूध करून पाठवलं होतं. आपले बारा शब्द कोणीही दुसऱ्या कोणाला, अगदी मदत करणाऱ्यालाही, वाचायला देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. त्या घराला पुरात दुसरी वाटच नव्हती, आणि म्हणूनच पैसे सापडल्या सापडल्या ते नव्या किल्लीवर हलवायला मी लावलं. माझ्या डोळ्यांखालून गेलेले शब्द त्याच्या पैशांचे राखणदार राहू नयेत, एवढंच त्यामागचं कारण.

पण बारा शब्द आहेत म्हणून ते कुठेही चालतात असं नाही. इलेक्ट्रमची स्वतःची पद्धत वेगळी आहे. तिचे शब्द बिप-३९ च्या ॲपमध्ये टाकले की ते बहुधा 'चुकीचे' म्हणून नाकारले जातात आणि माणूस हादरतो. दुसरा धक्का शून्य शिलकीचा. किल्ल्यांच्या झाडावर कोणत्या फांदीवर शोधायचं हे काळानुसार बदलत गेलं. १ ने सुरू होणारे जुने पत्ते ४४ क्रमांकाच्या फांदीवर, ३ ने सुरू होणारे मधल्या काळातले ४९ वर, बीसी१क्यू ने सुरू होणारे ८४ वर, आणि नोव्हेंबर २०२१ मधल्या टॅपरूट या सुधारणेनंतरचे बीसी१पी वाले ८६ वर. नवं ॲप ८४ वर बघतं, पैसे असतात ४४ वर, पडद्यावर शून्य दिसतं. पैसे कुठेही गेलेले नसतात. सेटिंगमध्ये फांदी बदलली की ते दिसतात. या शून्याला घाबरून लोक 'सपोर्ट' शोधायला निघतात आणि नेमके भामट्यांच्या हाती लागतात.

जुने शब्द नव्या ॲपमध्ये भरणं म्हणजे इम्पोर्ट. तिथे किल्ली जुनीच राहते. जुन्या किल्लीवरचे सगळे पैसे प्रत्यक्ष व्यवहार करून नव्या किल्लीच्या पत्त्यावर पाठवणं म्हणजे स्वीप. पहिल्याला फी लागत नाही म्हणून लोक त्यावर थांबतात. पण जुनी किल्ली मुळातच कच्ची असेल तर नव्या ॲपने ती पक्की होत नाही, आणि अशा कच्च्या किल्ल्या भरपूर बनल्या आहेत. २०१३ च्या ऑगस्टात अँड्रॉइडमधल्या यादृच्छिक आकडे देणाऱ्या भागात दोष सापडला आणि फोनवर बनलेली वॉलेटं धोक्यात आली. त्याच सुमारास लोक आवडत्या वाक्यापासून किल्ली बनवत होते. ती वाक्यं चोरांनी कॉम्प्युटरला लावून ओळखून काढली. २०२३ च्या ऑगस्टात लिबबिटकॉइन या सॉफ्टवेअरसंचातल्या बीएक्स या साधनाचा दोष उघड झाला. त्याची काही बीजं फक्त ३२ बिटांच्या अनिश्चिततेवर उभी होती, म्हणजे सगळ्या मिळून शक्यता सुमारे ४२९ कोटी. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, कॉम्प्युटरला तो किरकोळ आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात, २०११ ते २०१५ या काळात ब्राउझरमध्ये बनलेल्या कित्येक वॉलेटांच्या किल्ल्याही कच्च्या असू शकतात हे समोर आलं. त्या काळात ज्याने वेबपेजवर वॉलेट किंवा कागदी वॉलेट (किल्ली कागदावर छापलेलं) काढलं असेल त्याने इम्पोर्टवर थांबू नये. स्वीपच करावं, आणि फी द्यावी.

२०१७ हे साल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या बऱ्याच जणांची सुरुवात त्या वर्षीची. १ ऑगस्टला बिटकॉइन कॅश हे नाणं बिटकॉइनमधून फुटून वेगळं झालं. ज्याच्याकडे त्या दिवशी बिटकॉइन होतं त्याच्या किल्लीवर तेवढंच बिटकॉइन कॅशही उभं राहिलं. फुकटचं मिळतंय म्हणून लोकांनी आपल्या किल्ल्या आणि शब्द कुठल्याही वेबसाइटवर टाकले. तसंच फुटून निघालेल्या बिटकॉइन गोल्डच्या वेळी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, अशाच एका बनावट वॉलेट साइटने ३० लाख डॉलरहून अधिक लुटले. क्रम साधा होता: आधी खरं बिटकॉइन नव्या किल्लीवर हलवायचं, ते पक्कं झालं की मगच रिकामी झालेली जुनी किल्ली दुसरीकडे वापरायची. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सेगविट ही सुधारणा लागू झाली आणि नव्या पत्त्यांवरून पाठवणं स्वस्त झालं. त्याच वर्षी मल्टिबिट हे तेव्हाचं लोकप्रिय वॉलेट कायमचं बंद झालं. डिसेंबरात भाव २०,००० डॉलरच्या जवळ गेला आणि त्याच महिन्यात एका व्यवहाराची सरासरी फी ५० डॉलरच्या वर चढली. ज्यांच्याकडे किरकोळ रक्कम होती त्यांना हलवणं परवडेना, म्हणून त्यांनी ती जागच्या जागी ठेवली. आज सापडणारी कितीतरी जुनी वॉलेटं त्या डिसेंबरातली आहेत.

बिटकॉइनखेरीज दुसरी मोठी ब्लॉकचेन इथेरियम, तिचं नाणं इथर; तिची कथा थोडक्यात. मिस्ट हे तिचं अधिकृत वॉलेट २०१९ मध्ये बंद झालं, पण त्याची किल्लीची फाइल आणि पासवर्ड हाती असेल तर ती दुसरीकडे उघडते. टोकन, म्हणजे इथेरियमवर चालणारी इतर नाणी, हलवायला मात्र त्याच पत्त्यावर थोडं इथर फीसाठी लागतं, नाहीतर टोकन दिसतात पण हलत नाहीत. काही टोकनांना नव्या ब्लॉकचेनवर बदलून घ्यायच्या मुदती होत्या. इओएस आणि ट्रॉन २०१८ च्या जूनमध्ये इथेरियमवरून आपापल्या ब्लॉकचेनवर गेले.

आता सगळ्यात दुखरी गोष्ट. २०१८ च्या डिसेंबरअखेर चोरांनी इलेक्ट्रमच्या जाळ्यात आपले सर्व्हर घुसवले. जुन्या आवृत्तीतून पैसे पाठवायला गेलं की वॉलेटच्याच खिडकीत निरोप यायचा: अपडेट करा, ही लिंक. लिंकवरचं सॉफ्टवेअर चोरांचं. नव्या आवृत्तीत ती फट बुजवली, पण जुनी आवृत्ती ज्यांच्या कॉम्प्युटरवर झोपून होती त्यांना कोण सांगणार? २०२० च्या ऑगस्टअखेर एका माणसाने २०१७ नंतर पहिल्यांदाच आपलं इलेक्ट्रम उघडलं, पैसे हलवायला गेला, समोर आलेलं अपडेट घेतलं आणि त्याचे १,४०० बिटकॉइन गेले. तीन वर्षं काहीही न करता ते सुरक्षित होते. म्हणून जुनं सॉफ्टवेअर इंटरनेटला जोडून सुरू करायचं नाही. आधी फाइलच्या दोन प्रती, मग मूळ साइटवरून नवी आवृत्ती आणि तिची डिजिटल सही तपासणं, मग छोटी रक्कम पाठवून बघणं, आणि सगळ्यात शेवटी बाकीची.

भारतात वॉलेट बदलायची वेळ सरकारी निर्णयांनीही आणली. ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. त्याच वर्षी झेबपेने भारतातला एक्सचेंज, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीचा बाजार, थांबवला, २०१९ मध्ये कॉइनेक्स हा दुसरा एक्सचेंज बंद झाला. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्सचेंजच्या एका वॉलेटातून २३ कोटी डॉलरहून अधिक चोरीला गेले, आणि किल्ली दुसऱ्याकडे ठेवण्याचा अर्थ लाखो भारतीयांना एका दिवसात कळला.

कराचं भय मात्र या कामात आड येऊ नये. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस, आणि एकातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा होत नाही. पण स्वतःच्या एका वॉलेटातून स्वतःच्याच दुसऱ्या वॉलेटात पाठवणं ही विक्री नव्हे. त्या व्यवहाराचा क्रमांक, तारीख, दोन्ही पत्ते आणि मूळ खरेदीची पावती किंवा बँकेचं स्टेटमेंट एकत्र ठेवावं, कारण उद्या विकताना सीए खरेदीची किंमत विचारणारच. आणि रिकाम्या झालेल्या जुन्या वॉलेटचे शब्दही त्याच पाकिटात ठेवावेत. जुना पत्ता ज्यांच्याकडे आहे त्यांतल्या कोणी चुकून त्यावर पैसे पाठवले, तर ते काढायला तेच शब्द लागतील.