फ्लूची लस आणि गोलार्धाचा घोळ : पार्श्वभूमी

कोल्हापुरात फ्लूच्या लशीचा विषय निघाला की लोक आजही तिला ‘स्वाइनची लस’ म्हणतात. त्याचे कारण २००९ च्या पावसाळ्यात आहे. त्या वर्षी ११ जूनला एच१एन१ ची, म्हणजेच स्वाइन फ्लूची, जागतिक साथ जाहीर झाली आणि ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला. गणेश चतुर्थी २३ ऑगस्टला होती, त्यामुळे शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्यात असलेली कोल्हापूरची मुले नेमकी त्याच दिवसांत घरी येणार होती. घशातील स्रावाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा सुरुवातीला देशात मोजक्याच होत्या. फ्लूचे मोठे संकट महाराष्ट्राने याआधी पाहिले नव्हते असे नाही, कारण १९१८ ची साथ मुंबई बंदरातून आत शिरली आणि तिने देशभरात एक कोटीहून अधिक बळी घेतले. पण आजच्या दवाखान्यातल्या सवयी घडल्या त्या २००९ नंतर. ऑगस्ट २०१० मध्ये जागतिक साथ संपल्याचे जाहीर झाले, तोच विषाणू पुढे दरवर्षीच्या फ्लूचा एक भाग बनला आणि लशीतही त्याला कायमची जागा मिळाली. नाव मात्र तेच राहिले. त्यामुळे ‘यंदा स्वाइन नाही, मग लस कशाला?’ असा प्रश्न आजही विचारला जातो.

उपचारांवर त्या काळाची छाप अधिक खोल आहे. ऑसेल्टामिवीर हे फ्लूच्या विषाणूवरचे औषध आधी केवळ सरकारी यंत्रणेमार्फत मिळत होते. पुढे ते दुकानांत आले तेही ‘शेड्यूल एक्स’ या कडक वर्गवारीत, ज्यासाठी दुकानदाराला वेगळा परवाना लागतो आणि चिठ्ठीची प्रत जपून ठेवावी लागते. औषध उठसूट वापरले जाऊ नये, हा हेतू योग्यच होता. परंतु लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केले तरच ज्या औषधाचा पुरेसा गुण येतो, ते गल्लीतल्या दुकानात न मिळणे म्हणजे फॅमिली डॉक्टरचे हात बांधण्यासारखे होते. २०१७ मध्ये ते ‘शेड्यूल एच१’ या कमी कडक वर्गात आणले गेले आणि ही अडचण बरीच कमी झाली. रुग्णांच्या अ, ब, क या गटांची पद्धतही २००९ च्या साथीपासूनचीच. साधा ताप, खोकला आणि घसादुखी असेल तर ना तपासणी ना हे औषध. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेले रुग्ण यांना मात्र तपासणीच्या निकालाची वाट न पाहता औषध. आणि धाप, छातीत दुखणे, ग्लानी किंवा निळसर नखे दिसली तर थेट रुग्णालय. ‘व्हायरल आहे’ असे म्हणून सगळ्यांना सारख्याच अँटिबायोटिक गोळ्या देण्याची सवय या वर्गवारीनंतरही मोडलेली नाही, याचे वाईट वाटते.

लशीच्या बाबतीत खरा गुंता ‘गोलार्ध’ या एका शब्दाने केला आहे. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून लशीत कोणते प्रकार घालायचे याची शिफारस जागतिक पातळीवर वर्षातून दोनदा होते: उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये. शिफारशीनंतर लस तयार होऊन बाजारात यायला साधारण सहा महिने लागतात. नकाशा पाहिला तर कोल्हापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे, आणि म्हणून इथे उत्तरेची लस ऑक्टोबरमध्ये द्यावी, असे कोणालाही सहज वाटेल. परंतु ही नावे हिवाळ्यात फ्लू येणाऱ्या समशीतोष्ण देशांच्या सोयीने पडलेली आहेत. भारतातल्या बहुतेक भागांत फ्लूचा जोर जून ते सप्टेंबर या काळात असतो. श्रीनगरसारख्या ठिकाणी तो हिवाळ्यात असतो. कोल्हापुरात शाळा सुरू होतात, पाऊस लागतो, खिडक्या बंद होतात आणि एका वर्गातले निम्मे बाक खोकू लागतात, ते जून-जुलैमध्ये. उत्तरेची नवी लस हाती येईपर्यंत मोसम ओसरू लागलेला असतो. दक्षिणेची लस मात्र पावसाळ्याच्या तोंडावर येते. म्हणून जोतिबाची चैत्र यात्रा झाल्यावर आणि मृग नक्षत्र लागण्याआधी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, दक्षिण गोलार्धाची लस घेणे हेच इथल्या हवेला धरून आहे.

यावर दोन मते राहिली आहेत. काही डॉक्टर म्हणतात की अनेक वर्षी दोन्ही लशींतले प्रकार सारखेच असतात, तेव्हा उपलब्ध असेल ती ताजी लस द्यावी. हे म्हणणे प्रकारांपुरते बरोबर आहे, पण महिन्यापुरते नाही. लशीचे संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि पुढे काही महिन्यांत ते कमी होत जाते. ऑक्टोबरमध्ये टोचलेली लस पुढच्या जुलैपर्यंत तितकी टिकत नाही. अडचण अशी की मे महिन्यात फ्रीजमध्ये बहुधा मागच्या हिवाळ्यासाठीची खोकी उरलेली असतात आणि वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेले ‘एनएच’ (उत्तर गोलार्ध) किंवा ‘एसएच’ (दक्षिण गोलार्ध) कोणी पाहत नाही. दुसरे काही मिळत नसेल तर मुदत न संपलेली उत्तरेची लसही काहीच न घेण्यापेक्षा बरी. पण पर्याय असताना ते खोके पुढे करणे योग्य नव्हे.

फ्लूची लस देशाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. २०१५ च्या मोठ्या साथीनंतर राज्याने गरोदर स्त्रिया आणि जोखमीच्या रुग्णांसाठी ती मोफत आणि ऐच्छिक ठेवली. बाकीच्यांना ती खाजगी दवाखान्यातच पदरचे पैसे मोजून घ्यावी लागते. अलीकडचा बदल लशीच्या घटकांचा आहे. फ्लूच्या ‘बी’ प्रकारातल्या विषाणूची यामागाता ही शाखा मार्च २०२० नंतर आढळलेली नाही, म्हणून चारऐवजी तीन घटकांची लस पुरेशी असल्याची शिफारस झाली. एक घटक कमी म्हणजे लस कमी दर्जाची, असा त्याचा अर्थ नाही. सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. त्यामुळे अशा मुलाचा पहिला डोस एप्रिलमध्येच झाला, तर दुसरा मे महिन्यात, शाळेची घंटा वाजण्यापूर्वी, पूर्ण होतो.