जुन्या कॉम्प्युटरवर अपडेट घ्यावं का?

२७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवा बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलची कॉम्प्युटर यंत्रणा बंद पडली. टर्मिनल मर्स्क या जहाजवाहतूक समूहाकडे होतं आणि त्या दिवशी नॉटपेट्या नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक सॉफ्टवेअरने, या समूहाचं जगभरातलं काम ठप्प केलं होतं. तिथे हाताने काम रेटायचा प्रयत्न झाला, पण कंटेनरचं बंदर आज वही-पेनावर चालत नाही.

एकाच नेटवर्कवरच्या मशिनांना फाइल आणि प्रिंटर वाटून घेऊ देणारी विंडोजमधली एक जुनी व्यवस्था आहे. तिच्यातली त्रुटी ही नॉटपेट्याच्या पसरण्याची एक वाट होती. ती दुरुस्त करणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. त्याच त्रुटीतून मे महिन्यात वॉनाक्राय हे दुसरं मालवेअर पसरलं, तरी जूनमध्ये असंख्य मशिनं तशीच उघडी होती. मात्र नॉटपेट्याचा पहिला शिरकाव झाला तो युक्रेनमधल्या एका कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. शिवाय एका मशिनातून चोरलेले पासवर्ड वापरून नॉटपेट्या अपडेट घेतलेल्या मशिनांतही घुसत होतं. तेव्हा ‘अपडेट घ्या आणि निर्धास्त व्हा’ असं मी म्हणणार नाही.

तरीही सुरक्षा अपडेट जुन्या मशिनावर घ्यावंच, असं माझं ठाम मत आहे. अपडेट बाहेर येतं तेव्हा त्रुटीची बातमीही त्याच्याबरोबर बाहेर येते. मायक्रोसॉफ्टची अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. ही अपडेट उतरवून जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहता येते. एखाद्या ठिकाणी आलेल्या माहितीची लांबी तपासणाऱ्या चार ओळी नव्याने घातलेल्या दिसल्या, तर तिथे आधी ती तपासणी नव्हती हे जाणकाराला लगेच कळतं. हे काम संशोधक करतात, तसे हल्लेखोरही करतात. सोसायटीच्या फलकावर ‘सर्वांच्या मागच्या दाराची कडी सदोष आहे, बदलून घ्या’ अशी सूचना लागली तर चोरही ती वाचतो. त्यामुळे अपडेट टाळणाऱ्याचं मशीन कालच्यापेक्षा आज जास्त धोक्यात असतं. ‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा’ या म्हणण्यात नेमकं हेच सुटतं.

लोकांची खरी तक्रार असते की अपडेटनंतर मशीन रडतखडत चालतं. कधी कधी ती अगदी खरी असते. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या दोषांवर उपाय आले, तेव्हा २०१५च्या सुमाराच्या आणि त्याआधीच्या इंटेल प्रोसेसरवर वेग कमी झाल्याचं जाणवेल, हे मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं होतं. त्याच महिन्यात एएमडी कंपनीचे प्रोसेसर असलेली काही जुनी मशिनं अपडेटनंतर सुरूच होईनात, म्हणून त्यांच्यासाठीचं वाटप थांबवावं लागलं.

पण ठाण्या-वाशीतल्या घरांत जे सात-आठ वर्षांचे लॅपटॉप आहेत, त्यांतल्या पुष्कळांचं दुखणं हार्ड डिस्क हे आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. अपडेट चालू असताना डिस्कच्या रकान्यात शंभर टक्के दिसतात आणि प्रोसेसर मात्र जवळजवळ रिकामा बसलेला असतो. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला बहुधा ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे विखुरलेल्या छोट्या फाइली सेकंदाला शंभरेकच वाचून होतात. अपडेट तर अशा हजारो फाइली तपासतं आणि बदलतं. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसल्याने तेच काम कितीतरी पटींनी वेगात होतं. म्हणून अपडेट बंद करण्याआधी डिस्क बदला.

धंद्याच्या मशिनाचं गणित थोडं वेगळं आहे. तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमधल्या एखाद्या गाळ्याचा विचार करा. टेबलावर जुना डेस्कटॉप, शेजारी तीन प्रतींची बिलं करकरत छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि दारात टेम्पो उभा. नोव्हेंबर २०१७च्या विंडोज अपडेटनंतर एप्सनचे काही डॉट मॅट्रिक्स प्रिंटर छापेनासे झाले होते. दुरुस्ती त्याच महिन्यात आली, पण मधल्या दिवसांत बिलं कशावर फाडायची? अशा ठिकाणी सेटिंग्जमध्ये अपडेट आठवडाभर थांबवून ठेवणं शहाणपणाचं आहे. मोठा घोळ असेल तर तोवर कळतो. आठवडा पुरे, महिने नकोत. हिशेबाचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि अपडेट रात्री लावा. महावितरणकडून वीज बंद राहण्याचा निरोप आला असेल, त्या दिवशी मात्र सुरू करू नका.

आवृत्ती बदलणं हा वेगळा निर्णय आहे आणि तिथे मी घाई करायला सांगणार नाही. विंडोज १०चा नेहमीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी नियमित अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. युक्त्या करून ते जुन्या मशिनात घालता येतं, पण तिथे पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला तेच निसटण्याची भीती. घरच्या विंडोज १० मशिनांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा अपडेटची योजना जाहीर झाली आणि सेटिंग्जचा क्लाउड बॅकअप चालू ठेवल्यास ती पैसे न देताही मिळते. त्यासाठी मशिनावर २२एच२ ही शेवटची आवृत्ती हवी. पुढे नेट, पत्रव्यवहार आणि व्हिडिओ एवढंच काम असेल तर विंडोजच्या जागी घालता येणारी लिनक्स मिंट ही प्रणाली चार जीबी रॅमवर व्यवस्थित चालते.

उरलं काही गाळ्यांत अजून चालणारं विंडोज ७. त्याचा आधार १४ जानेवारी २०२०लाच संपला आहे. बिलाचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालत असेल तर राहू द्या, पण नेटची वायर काढा, वायफाय बंद करा आणि जीएसटी, बँक, ईमेल दुसऱ्या मशिनावर न्या. दोन्हींमध्ये फाइल नेण्यासाठी एकच पेनड्राइव्ह ठेवा, तो आणखी कुठेही लावू नका आणि अपडेट असलेल्या मशिनावर प्रत्येक वेळी स्कॅन करून घ्या.