फुसबॉल टेबल भाड्याने नेताय? रॉड गरगरा फिरवू नका

फुसबॉल म्हणजे टेबलावरचा फुटबॉल. टेबल परत आलं की आम्ही आधी प्लेअर, म्हणजे रॉडवर बसवलेले बाहुले, बघतो. प्लेअरचा पाय झिजला असेल तर तो खेळून झिजलाय, त्याचे पैसे आम्ही घेत नाही. पण कमरेत, जिथे तो रॉडला पिनने बसवलेला असतो तिथे तडा गेला असेल, तर रॉड भिंगरीसारखा फिरवलाय हे न विचारता कळतं. मग डिपॉझिटमधून पैसे कापले की "खेळायची वस्तू आहे, तुटणारच की" हे ऐकायला मिळतं. तुटते मान्य, पण अशी नाही. एक प्लेअर बदलायचा तर अख्खा रॉड उतरवावा लागतो, आणि तेवढा वेळ पुढचं गिऱ्हाईक खोळंबतं.

फटक्याच्या आधी किंवा नंतर प्लेअर ३६० अंशांपेक्षा जास्त फिरला तर फाउल. तसा मारलेला गोल धरत नाहीत. नियम आमच्या दुकानाचा नाही. आंतरराष्ट्रीय टेबल सॉकर फेडरेशनच्या स्पर्धांतही हेच चालतं. आणि फिरवून जोर येतो असं वाटतं खरं, पण बॉल कुठे जाईल हे फिरवणाऱ्यालाच ठाऊक नसतं. त्यापेक्षा तीन प्लेअरच्या रॉडवर मधल्या प्लेअरजवळ बॉल थांबवा, रॉड स्वतःकडे ओढत बॉल बाजूला न्या, आणि फट दिसली की मनगटाने एकच झटका. गोलकीपर जागेवरच राहतो.

बाकीचे नियम थोडक्यात. ज्याने गोल खाल्ला त्याची सर्व्हिस, तीही "तयार?" विचारून समोरच्याने हो म्हटल्यावरच. बॉल गोलमध्ये आपटून बाहेर उडाला तरी गोल. पाचच्या रॉडवर १० सेकंदांपेक्षा जास्त बॉल अडवायचा नाही. बॉल चालू असताना टेबलात हात घालायचा नाही, टेबल हलवायचं नाही.

पेठेपेठेतली फुटबॉलची ईर्षा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर शोभते, टेबलावरही जरूर आणा. फक्त इथे पंच नसतो. आपला रॉड फिरला हे आपल्या मनगटाला आधी कळतं, तेव्हा 'फाउल' आपणच म्हणायचं. हरल्यावर रॉड आदळू नका. आमच्या टेबलांचे रॉड आरपार आहेत. इकडून ढकललेला तिकडे बाहेर येतो आणि कडेला उभ्या पोराच्या पोटात बसतो.

रॉड जड झाला म्हणून कृपया खोबरेल ओतू नका. त्यावर धूळ बसून रॉड आणखी अडकतो, वर मैदान चिकट होतं ते वेगळंच. टेबलासोबत सिलिकॉनची बाटली देतो, रॉडला दोन थेंब पुरतात.

होस्टेल आणि मंडळांना महिन्याच्या भाड्यात टेबल पोचवून, लेव्हल करून देतो. त्याच वेळी पोरांना अर्धा तास फटके शिकवायचे वेगळे पैसे नाहीत. घरचं टेबल असेल तर सुटे प्लेअर आणि बॉल दुकानात मिळतात. प्लेअर घ्यायला येताना जुना सोबत आणा, रॉडच्या जाडीप्रमाणे भोक बदलतं.