चरबी वितळते, पण सुटत नाही

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चिकनचं दुकान आहे. रविवारी दुपारी दुकान धुऊन काढतात, तेव्हा मागच्या निळ्या पिंपात कातडी, आतडी आणि पोटातल्या पिवळ्या चरबीचे गोळे गच्च भरलेले असतात. मला ते तेलाचं पिंप वाटतं. केरळात वायनाड जिल्ह्यातल्या पूकोडे इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयातले डॉ. जॉन अब्राहम यांना कोंबडीच्या कचऱ्यापासून बायोडिझेल, म्हणजे तेल-चरबीपासून केलेलं डिझेलसारखं इंधन, बनवण्याच्या पद्धतीचं पेटंट २०२१ मध्ये मिळालं. हा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, "त्यात काय, चरबी तापवली की तेल!" हे निम्मंच खरं आहे.

जिवंत कोंबडीचं अंग ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि तिची चरबी त्याच्या आधीच वितळते. म्हणजे धावत्या कोंबडीच्या पोटातही ही चरबी पातळच असते. तरी ती वाहून जात नाही. का?

चरबीच्या पेशीत तेलाचा एकच मोठा थेंब असतो. तो इतकी जागा व्यापतो की पेशीचं केंद्रक कडेला चेपलं जातं. पेशीचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. तिच्याभोवती पातळ पटल आणि त्यावर कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांची जाळी. संत्र्याची फोड सोलून पाहा. आतला रस पातळच असतो, पण इवल्या पिशव्या फुटेपर्यंत तो हाताला लागत नाही. चरबीचंही तसंच.

आता कोलॅजेनची गंमत. त्याचा रेणू म्हणजे तीन पदरांची घट्ट वेणी. साधारण ६० ते ६५ अंशांना ही वेणी उसवू लागते, आणि उसवताना धागा आखडतो. जाळी आवळली जाते, पिशव्या पिळल्या जातात, फुटतात. चरबी वितळण्याच्या कितीतरी वरच्या तापमानाला तेल सुटतं ते यामुळे.

हे घरी दिसतं. मूठभर कातडी बारीक चिरून कढईत मंद आचेवर ठेवा. आधी पांढुरकं पाणी सुटतं, तुकडे आकसतात, मग तडतड सुरू होते. ती तडतड पाण्याची. ती थांबली की खाली नितळ पिवळं तेल आणि त्यात खरपूस तुकडे. ते झाऱ्याने दाबा, अजून तेल निघेल. सुरुवातीलाच आच मोठी केली तर बाहेरची प्रथिनं कडक होतात आणि तेल आतच कोंडतं.

कारखान्याला मात्र ही कढई परवडत नाही. १ किलो पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. त्याच पाण्याची वाफ करायला आणखी २२६० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ सातपट. कचऱ्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे इंधन तेलापेक्षा पाण्यावरच खर्च होतं. म्हणून सुधारित पद्धतीत पाणी उडवून तेल काढत नाहीत. कचरा दळतात, ९० अंशांच्या आसपास थोडा वेळ तापवतात आणि मग दाबून किंवा सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून तेल, पाणी आणि चोथा वेगळा करतात.

इथे एक पेच येतो. फार शिजवलं की उसवलेलं कोलॅजेन पाण्यात विरघळून जिलेटिन होतं. पाया सूप थंड झाल्यावर थरथरतं, ते यामुळेच. जिलेटिन तेलाच्या बारीक थेंबांवर चिकटतं आणि त्यांना एकत्र येऊ देत नाही. थेंबाचा वर येण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दहावा भाग झाला की वेग शंभरावा भाग. असे थेंब पाण्याबरोबर वाहून जातात. यावर उपाय प्रथिनं तोडणाऱ्या विकरांचा (एन्झाइमांचा). मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो, तिच्या चिकातलं पपेन याच घराण्यातलं. ५०-६० अंशांना असं विकर पिशव्यांची जाळी कातरतं आणि जिलेटिनच्या लांब साखळ्याही तोडतं.

तेल निघालं तरी ते कसं निघालं यावर पुढचं सगळं ठरतं. पिंप उन्हात राहिलं की कचऱ्यातली आणि जिवाणूंची विकरं चरबीचे रेणू पाण्याच्या साहाय्याने तोडतात आणि त्या रेणूंचे सुटे भाग, म्हणजे मोकळी मेदाम्लं, तयार होतात. बायोडिझेलसाठी तेलात मिथेनॉल आणि अल्कली घालतात, त्यातून बायोडिझेल आणि ग्लिसरीन तयार होतं. मोकळी मेदाम्लं १ टक्क्याच्या वर गेली की अल्कली त्यांचा साबण करून टाकते, आणि तो साबण बायोडिझेल व ग्लिसरीन वेगळं होऊ देत नाही. मग आधी सल्फ्युरिक आम्लाची वेगळी पायरी घ्यावी लागते. 'कोंबडीच्या कचऱ्यावर गाड्या धावणार' अशा मथळ्यांत हा खर्च कधीच नसतो.

प्राण्याच्या तेलाचा विषय निघालाच आहे, तर एक सांगायलाच हवं. जत्रेत, रस्त्याच्या कडेला सांड्याचं तेल गुडघेदुखीवर आणि मर्दानगीसाठी विकतात. ती सरड्यासारख्या एका निरुपद्रवी प्राण्याची चरबी असते, कढईतल्यासारखीच काढलेली, मेदाम्लं आणि ग्लिसरीन यांचीच बनलेली. तिच्यात कसलीही जादू नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हा प्राणी मारणं गुन्हा आहे. कृपा करून ते घेऊ नका.

दुकानदाराला करता येण्यासारखं एक काम आहे. पिवळे गोळे सुरीने सहज सुटतात. ते आतड्यांत मिसळण्याआधी झाकणाच्या वेगळ्या डब्यात टाकायचे आणि डबा कचरा नेणारी गाडी येईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायचा.