खरेदीखतात ‘रक्कम पोहोचली’ लिहिलंय, पण पैसे आलेच नाहीत? तोंडी पुरावा कोण आणि कसा देऊ शकतो

वडोदऱ्यात दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातलं वडिलोपार्जित घर विकताना खत गुजरातीत तयार होतं. त्यात एक ठरलेलं वाक्य असतंच: मोबदल्याची पूर्ण रक्कम मिळाली, तक्रार नाही. नोंदणीच्या गडबडीत आपण सही करतो. पुढे चेक परत येतो आणि नातेवाईक म्हणतात, ‘लिहून दिलंत, आता विसरा.’ कृपा करून विसरू नका.

लेखी कराराच्या अटी तोंडी पुराव्याने बदलता येत नाहीत, हे खरं. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 ची कलमं 94 आणि 95 तेच सांगतात (1 जुलै 2024 पूर्वीच्या प्रलंबित दाव्यांना 1872 च्या कायद्याची 91 आणि 92). पण ‘रक्कम मिळाली’ ही अट नव्हे, घडलेल्या गोष्टीचा उल्लेख आहे. कायद्यातच उदाहरण आहे: निळीच्या लेखी करारात आधीच्या तोंडी सौद्याचे पैसे दिल्याचं लिहिलेलं असलं, तरी ते दिलेच नाहीत असा तोंडी पुरावा चालतो. शिवाय मोबदला मुळात नव्हता किंवा ठरलेला मिळाला नाही, हे सिद्ध करायला कलम 95 च्या पहिल्या परंतुकाने (कलमातच दिलेल्या अपवादाने) मोकळीक दिली आहे. ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1900 सालीच हे मान्य केलं होतं.

मात्र खतात किंमत 30 लाख असताना ‘तोंडी 45 ठरले होते’ म्हणाल, तर ती अट बदलणं झालं. तिथे कलम 95 आडवं येतं. वरचे पैसे रोख ठरले होते म्हणाल, तर आयकराचा प्रश्नही उभा राहतो, कारण स्थावराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला मनाई आहे.

पैसे न मिळाल्याचा तोंडी पुरावा विक्रेता देऊ शकतो, तो हयात नसेल तर त्याचे वारस. करारात पक्षकार नसलेल्या तिऱ्हाइताला कलम 95 ची बंदी मुळातच नाही.

कागद आधी गोळा करा: सब-रजिस्ट्रारकडून खताची प्रमाणित नकल, बानाखत (विक्रीआधीचं साठेखत) केलं असेल तर तेही, चेक परतल्याचा बँकेचा मेमो, त्या काळातलं बँकेने प्रमाणित केलेलं स्टेटमेंट. ‘पुढच्या महिन्यात देतो’ असे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज फार मोलाचे, पण नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. कलम 63(4) चं प्रमाणपत्र लागतं, एक भाग तुमच्या सहीचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. तो फोन विकू नका, रीसेटही करू नका.

मग वकिलामार्फत नोटीस आणि दिवाणी न्यायालयात दावा. दाव्यातच किती आले, कधी आले, किती राहिले हे स्पष्ट लिहा. तिथे न लिहिलेली गोष्ट साक्षीत ऐकली जात नाही. न्यायालयाने वादाचे मुद्दे ठरवल्यावर पंधरा दिवसांत साक्षीदारांची यादी द्यायची. सरतपासणी (आपल्या साक्षीदाराची पहिली साक्ष) प्रतिज्ञापत्रावर होते, खरी कसोटी समोरच्या वकिलाच्या उलटतपासणीत. सही तुमची असल्याने सिद्ध करण्याचा भारही तुमच्यावरच. व्यवहाराच्या वेळी हजर असलेला एक साक्षीदार ऐकीव सांगणाऱ्या चौघांपेक्षा उपयोगी पडतो.

मागणी काय करायची, हे नीट ठरवा. सुरतच्या जमिनीच्या प्रकरणात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की उरलेली किंमत मिळाली नाही एवढ्यावरून नोंदणीकृत खत रद्द होत नाही. पैशांसाठी दावा करा. थकलेल्या किमतीचा बोजा (मालमत्तेतून वसुलीचा हक्क) त्या मालमत्तेवर असतो आणि त्याच्या अंमलबजावणीला 12 वर्षांची मुदत आहे. खरेदीदाराकडून वैयक्तिक वसुलीला मात्र साधारण 3 वर्षंच. चेक परतला असेल, तर त्या फौजदारी तक्रारीची नोटीस बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत गेली पाहिजे.