उजळून विरून जाणारे औषधवाहक कण: पार्श्वभूमी

औषध वाहून न्यायचे, उजळून आपला ठावठिकाणा दाखवायचा आणि काम झाल्यावर शरीरातच विरून जायचे, अशा कणांच्या शोधाची ही पार्श्वभूमी. बेळगाव, चिकोडी, निपाणी भागातील ज्या मधुमेही रुग्णांच्या डोळ्याच्या पडद्याची तपासणी रंगद्रव्य टोचून झाली असेल, त्यांना नंतर लघवी गडद पिवळी झाल्याचे आठवत असेल. शिरेतून दिलेले फ्लुरोसीन पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या उजळून दाखवते आणि मूत्रपिंडावाटे निघून जाते. आडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये तयार केलेले हे द्रव्य आणि अमेरिकेत १९५९ मध्ये मान्यता मिळालेले, यकृतावाटे बाहेर पडणारे इंडोसायनीन ग्रीन, ही दोन्ही आजही वापरात आहेत, त्यात त्यांच्या या निघून जाण्याचा वाटा मोठा आहे. मात्र ती शरीरात फार काळ टिकत नाहीत आणि औषध वाहून नेत नाहीत.

औषध वाहण्याची कल्पना वेगळ्या वाटेने आली. ॲलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांचे वर्णन केले आणि १९९५ मध्ये अशा पिशवीत भरलेल्या डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरील औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. या पिशवीचा व्यास सुमारे १०० नॅनोमीटर असतो, आणि नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. ती शरीरात कोठे पोहोचली, हे मात्र तिच्यावरून कळत नव्हते, कारण तिला स्वतःचा उजेड नव्हता.

तो उजेड क्वांटम डॉटनी, म्हणजे प्रकाश पडताच उजळणाऱ्या अर्धवाहकाच्या अतिसूक्ष्म कणांनी, दिला. एकिमोव्ह, ब्रुस आणि बावेंडी यांना ज्या कामासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, ते काम १९८० आणि १९९० च्या दशकांतले. १९९८ मध्ये दोन संशोधकगटांनी हे कण जीवपेशींच्या चित्रणासाठी वापरून दाखवले. त्यांची झळाळी रंगद्रव्यांपेक्षा कितीतरी टिकाऊ होती, पण त्यांतील अनेकांचा गाभा कॅडमियम या विषारी धातूच्या संयुगाचा होता, आणि तो झिजल्यास पेशी मरतात हे २००४ मध्ये स्पष्ट झाले. पुढे २००७ मध्ये असे दिसले की सुमारे ५.५ नॅनोमीटरपेक्षा लहान कणच मूत्रपिंडातून सहज गाळले जातात. एवढ्या लहान कणात औषधाला जागा फारशी उरत नाही. म्हणून कण मोठा ठेवायचा आणि काम झाल्यावर तो शरीरातच विरघळू द्यायचा, हा विचार अटळ ठरला. माझ्या मते या क्षेत्राला खरे वळण मिळाले ते येथे.

२००९ मध्ये त्याची दोन उदाहरणे समोर आली. कॅलिफोर्नियातील मायकेल सेलर यांच्या गटाने सच्छिद्र सिलिकॉनचे प्रकाशमान कण उंदरांना टोचले. ते विरघळून त्यांचे सिलिसिक आम्ल झाले व ते मूत्रावाटे गेले, आणि त्यांच्या छिद्रांत डॉक्सोरुबिसिनही भरता आले. टेक्सासमधील जियान यांग यांच्या गटाने सायट्रिक आम्ल आणि अमिनो आम्ले यांपासून स्वतःच उजळणारा, विघटनशील बहुवारिक (पॉलिमर) बनवला. सायट्रिक आम्ल उसाच्या मळीवर विशिष्ट बुरशी वाढवूनही तयार करता येते, आणि मळी बेळगाव जिल्ह्यातील साखर कारखान्यांना नवी नाही. २००४ मध्ये योगायोगाने सापडलेले कार्बन डॉट, म्हणजे कार्बनचे उजळणारे सूक्ष्म कण, हेही पुढे याच आम्लापासून बनू लागले. पण केवळ कार्बनचा आहे म्हणून कण विरतोच असे नाही, ते प्रत्येक प्रकारासाठी वेगळे सिद्ध करावे लागते.

असे विघटनशील प्रकाशमान वाहक अजून मुख्यतः प्रयोगशाळांत आणि प्राण्यांवरील चाचण्यांत आहेत. रक्त दृश्य प्रकाश शोषून घेत असल्याने खोलवरच्या अवयवांसाठी सुमारे ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश लागतो, आणि तोही काही सेंटिमीटरपलीकडे फारसा पोहोचत नाही. तोंडाच्या कर्करोगात ही अडचण कमी असते, कारण गाठ बहुधा प्रकाशाच्या आवाक्यात असते. तंबाखूच्या निपाणी पट्ट्यातून बेळगाव, कोल्हापूर किंवा मिरजेला उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णांच्या दृष्टीने या संशोधनाचा हाच भाग सर्वांत जवळचा आहे.